वेझले: डोंगराच्या सोंडेवरचं गाव आणि कान पांघरणारी माणसं

सह्यभटकी

गेल्या जूनमध्ये पॅरिसला जाणं झालं. नवऱ्याची परिषद होती, मी सोबतीला. आयफेल टॉवर आधी बघून झालेला, आणि तीन दिवस हॉटेलच्या खोलीत बसून काढणं माझ्या तब्येतीला मानवत नाही. नकाशा उघडला आणि ट्रेनने जाता येईल असं डोंगरावरचं गाव शोधलं. सापडलं ते वेझले. बरगंडी प्रांत, योन जिल्हा, वस्ती जेमतेम चारशेच्या घरात.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून गाडीने सेर्मिझेलला उतरायचं. अडीच तासांच्या आसपास लागतात. त्या स्टेशनवर उतरणारी मी एकटीच. गाव तिथून दहा किलोमीटर. टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते हे मला माहीत होतं, पण गडावर जायचं तर पायथ्यापासून, गाडीने माचीपर्यंत नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. पाठीवर पिशवी टाकली आणि निघाले.

वाट क्यूर नदीच्या खोऱ्यातून जाते. चढ जवळजवळ नाहीच. एका वळणावर समोरच्या डोंगरावर चर्च दिसतं. पुढच्या वळणावर गायब. मग झाडांच्या वरून नुसता एक मनोरा डोकावतो, परत गायब. राजगडाची बालेकिल्ल्याची टोपी गुंजवण्याहून जाताना जशी लपंडाव खेळते, अगदी तस्सं. डोंगर फार उंच नाही, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. पण भोवतालचा मुलूख इतका लोळणारा आहे की तेवढ्यानेही तो सगळ्यांवर नजर ठेवून बसल्यासारखा वाटतो.

पायथ्याला आस्कँ नावाचं गाव लागतं. तिथून खरा चढ. अर्ध्या वाटेवर कॉर्देल नावाचं एक लहानसं दगडी देऊळ आहे (चॅपलला मी देऊळच म्हणणार, कोणी रागावू नये). आजूबाजूला गवत, मधमाश्या, एक बाक. याच उतारावर ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, क्लेरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रूसेडची) हाक दिली. फ्रान्सचा राजा सातवा लुई समोर होता आणि गर्दी इतकी की ती चर्चमध्ये मावेना. म्हणून उघड्यावर, लाकडी मंचावरून भाषण झालं. कापडी क्रूस वाटून संपले तेव्हा बर्नार्डने स्वतःचा झगा फाडून क्रूस करून दिले, असं त्या काळच्या बखरीत आहे. मी गेले तेव्हा त्या बाकावर एक आजोबा सफरचंद सोलत बसले होते.

गाव म्हणजे डोंगराच्या सोंडेवर चढत गेलेला एक रस्ता. बाकी सगळ्या गल्ल्या त्याला फुटलेले फाटे. खालच्या टोकाला वाहनतळ, वरच्या टोकाला ख्रिस्ताची शिष्या संत मेरी माग्दालेन हिचं बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च. रस्त्याच्या फरसबंदीत पितळी शिंपले बसवलेत, सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या चार वाटांपैकी एक इथून सुटते. इथून तिथपर्यंत सोळाशे-सतराशे किलोमीटर! घरांच्या खाली दगडी कमानींची तळघरं आहेत. मध्ययुगात यात्रेकरू त्यातच दाटीवाटीने झोपत.

आणि हे सगळे यात्रेकरू आले कशासाठी? तर हाडांसाठी. मठ नवव्या शतकात स्थापन झाला तो खाली, नदीकाठी. नॉर्मन धाडी आल्यावर साधू वर डोंगरावर आले. मग अकराव्या शतकात बोलबाला झाला की माग्दालेनच्या अस्थी इथे आहेत. पोपने मान्यता दिली, लोंढे लागले, पैसा आला. ११२० च्या जुलैत, तिच्या सणाच्या आदल्या दिवशी, चर्चला आग लागली. जुन्या नोंदींवर विश्वास ठेवायचा तर हजारावर माणसं गेली. त्यानंतर जे बांधलं ते आज आपण बघतो. पुढे १२७९ मध्ये प्रोव्हान्समधल्या सँ-माक्सिमँला ‘खऱ्या’ अस्थी सापडल्या, १२९५ मध्ये पोपने त्यांना मान्यता दिली, आणि वेझलेची यात्रा ओसरली. एका कागदाने गाव वर काढलं, दुसऱ्या कागदाने खाली बसवलं.

आता मुख्य गोष्ट. बॅसिलिकात शिरलं की आधी एक अंधारा सभामंडप लागतो. त्याच्या आतल्या दारावर अर्धवर्तुळात प्रचंड शिल्प आहे, साधारण ११३० च्या आगेमागे कोरलेलं. मधे ख्रिस्त, त्याच्या बोटांतून निघालेले किरण शिष्यांच्या डोक्यांवर. भोवती राशिचक्र आणि बारा महिन्यांची शेतीची कामं. पण माझे डोळे खिळले ते खालच्या पट्टीवर. तिथे उजव्या टोकाला एक कुटुंब आहे, आईबाप आणि पोर, आणि सगळ्यांचे कान सुपाएवढे! पोर तर आपल्या कानांत शिंपल्यात बसल्यासारखं. शेजारी एक बुटका शिडी लावून घोड्यावर चढतोय. वरच्या एका चौकटीत कुत्र्याच्या तोंडाची माणसं.

हे कोण लोक? चर्चच्या दारावर काय करताहेत? तिथल्या माहितीपत्रकात ‘दूरदेशीचे लोक’ एवढंच होतं. इथल्या जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा.

संध्याकाळची गाडी अर्थातच चुकली. चूक माझीच, शिल्पासमोर दीड तास गेला. रात्री यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहिले. खालच्या कॉटवर एक बेल्जियन बाई होत्या, वय सत्तरीचं, दुसऱ्या दिवसापासून सांतियागोला चालत निघणार होत्या. एकट्या. त्यांच्या पिशवीचं वजन माझ्या पर्सपेक्षा कमी होतं.

---

पोटोबा

वा! फोटो कुठे आहेत? आणि मुख्य प्रश्न: खाल्लंत काय? बरगंडी म्हणजे गोगलगायींचा देश. शाकाहारी माणसाने तिकडे जावं का, उपाशी परत यावं?

---

सह्यभटकी

@पोटोबा, फोटो चढवताना सर्व्हर रुसतोय, पुन्हा प्रयत्न करते. खाण्याचं म्हणाल तर बेकरीतला पाव, चीज, टोमॅटो आणि गुझेर. गुझेर म्हणजे चीज घातलेले पोकळ फुगे, अंडं चालत असेल तर झकास. मसुराचं सॅलड मागवलं तर त्यात डुकराचे तुकडे निघाले. ‘मांस नको’ म्हटल्यावर तिथे बरेचदा त्यांना मोठा तुकडा नको असं वाटतं, बारीक तुकडे हिशेबात नसतात.

---

शिलालेख

ताई, तुमच्या कानवाल्यांची आणि आपली जुनी ओळख आहे.

चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसने भारताविषयी जे लिहिलं, त्यात पायापर्यंत पोचणारे कान असलेली आणि ते कान अंथरूण म्हणून वापरणारी माणसं आहेत. त्याच्याही आधी क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने इराणी दरबारात बसून भारताबद्दल लिहिलं. त्याने कुत्रमुंडे लोक भारताच्या डोंगरांत बसवले आणि बुटकेही भारतातच. हा माल पुढे रोमन लेखकांनी उचलला, पत्ते थोडे इकडेतिकडे केले, आणि मठांतल्या पोथ्यांमधून तो बाराव्या शतकातल्या बरगंडीच्या पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत पोचला.

पण मजा पुढे आहे. महाभारतात, सभापर्वात, सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो तेव्हा जिंकलेल्या लोकांच्या यादीत ‘कर्णप्रावरण’ येतात. प्रावरण म्हणजे पांघरूण. कान हेच ज्यांचं पांघरूण ते. त्याच यादीत एका पायाचे लोकही आहेत. म्हणजे ग्रीकांनी ही गोष्ट स्वतःच्या मनाने रचली नसावी. इथे कोणीतरी त्यांना सांगितली असणार. आपण आपल्या सीमेपलीकडच्या लोकांबद्दल ज्या थापा मारत होतो, त्याच त्यांनी आपल्या नावावर लिहून घेतल्या!

वेझलेच्या दारावर ते असण्याचं कारण वरच्या शिल्पात आहे. ख्रिस्त शिष्यांना जगभर पाठवतोय. जग म्हणजे कुठपर्यंत? तर कान पांघरणाऱ्यांपर्यंत. पृथ्वीची शेवटची वस्ती दाखवायची तर शिल्पकाराकडे त्यांच्याशिवाय दुसरी खूण नव्हती.

---

मृद्गंध

@शिलालेख, साष्टांग दंडवत! दारावरची ‘दूरदेशीची’ माणसं म्हणजे थोडक्यात आपणच की. 😄

---

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचतो, पण इथे लिहावंसं वाटलं. लेख सुंदर आहे. तरी दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक ‘मधमाश्या आणि बाक’ यांच्यात उरकली ते खटकलं. बर्नार्डच्या भाषणाने जे पेटलं त्यात ऱ्हाईनकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. सैन्य अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) कापलं गेलं, उरलेल्यांनी ११४८ मध्ये दमास्कसला वेढा घातला आणि काही दिवसांत हात हलवत परत फिरले. त्यानंतरही धडा नाही. ११९० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा दुसरा फिलिप तिसऱ्या मोहिमेला निघाले तेही याच वेझलेहून. एवढ्याशा टेकडीच्या नावावर एवढं रक्त. पितळी शिंपल्यांकडे बघताना हेही आठवावं.

---

सह्यभटकी

मान्य. मी घाईत ओलांडून गेले. खरं सांगायचं तर त्या उतारावर बसल्यावर काहीच भयंकर वाटत नाही, हेच जरा भयंकर आहे.

---

शिलालेख

@वाचनमात्र, तुमच्या मुद्द्याला एक पुरवणी. ऱ्हाईनकाठी ज्यूंविरुद्ध लोकांना भडकवणारा राडुल्फ नावाचा साधू होता. त्याला आवरायला बर्नार्ड स्वतः तिकडे गेला आणि त्याने त्याला मठात परत पाठवलं. यामुळे तो निर्दोष ठरत नाही. आग लावणाराच पाण्याची बादली घेऊन धावला, असं म्हणा.

आणखी एक. गावकरी आणि मठ यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. यात्रेकरूंना जागा द्यायची गावाने, आणि पैशावर हात मारायचा मठाधिपतीने. ११०६ मध्ये लोकांनी आर्तो नावाच्या मठाधिपतीचा खूनच केला. ११५२ मध्ये पुन्हा उठाव झाला, गावाने स्वतःची पंचायत जाहीर केली. तीन वर्षांनी राजाने मधे पडून ती मोडली. हे सगळं मठातल्याच एका साधूने लिहून ठेवलंय, म्हणजे एका बाजूने. गावकऱ्यांची बखर कोणी लिहिली नाही.

---

लिऑनकर

मी फ्रान्समध्ये चौदा वर्षं आहे, वेझलेला चार-पाचदा गेलोय. धाग्यात थोडं पाणी ओततो, माफ करा.

जूनमध्ये हे गाव म्हणजे स्वर्ग आहे. जानेवारीत जा. रस्त्यावर दहापैकी आठ खिडक्यांच्या झडपा बंद. बरीच घरं पॅरिसकरांची सुट्टीची. पुस्तकांची, चित्रांची, वाइनची दुकानं आहेत, पण खिळा किंवा बल्ब हवा असेल तर खाली उतरा. बाजार करायला बहुतेक लोक पंधरा किलोमीटरवरच्या आव्हालोंला जातात. तरुण पोरगं इथे घर घेऊच शकत नाही. फ्रान्समधल्या डोंगरावरच्या कुठल्याही ‘सुंदर’ गावाची हीच कथा आहे. डोंगराची जागा एके काळी शत्रूपासून वाचायला निवडली होती. पाणी वर चढवायचं, लाकडं वर चढवायची, म्हणून शहाणे लोक हळूहळू खाली नदीकाठी गेले. मग मोटार आली आणि तीच अवघड जागा नजाऱ्यासाठी महाग झाली.

एक चांगली गोष्टही सांगतो. उतारावरचे द्राक्षमळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेराच्या किडीने इथल्या वेली मुळासकट खाल्ल्या, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हे उतार जवळजवळ ओस होते. १९७० च्या दशकात काही वेड्यांनी पुन्हा लागवड केली. पायथ्याच्या सँ-पेर गावचा नामांकित शेफ मार्क मनो त्यातला एक. २०१७ मध्ये वेझलेच्या पांढऱ्या वाइनला स्वतःच्या नावाचा दर्जा मिळाला. शार्दोने द्राक्षाची, चवीला काहीशी दगडी. म्हणजे गावात अजून शेती करणारी माणसं आहेत, नुसते शिंपले विकणारी नाहीत.

---

पोटोबा

‘चवीला दगडी’ म्हणजे काय हो लिऑनकर? आम्ही नाशिककर लोक, आम्हाला समजेल असं सांगा.

---

लिऑनकर

पहिल्या पावसात ओल्या झालेल्या फरशीचा वास घोटात आला तर कसं लागेल, तसं. नाशिककराला यापेक्षा जास्त काय सांगणार, इकडेच या म्हणतो.

---

त्रिकोणमिती

सह्यभटकी जूनमध्ये गेल्या आणि उजेडाच्या वाटेबद्दल एक अक्षर नाही? की ढग होते?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दक्षिणायन सुरू होण्याच्या सुमारास, खऱ्या माध्यान्हीला (सूर्य सर्वांत वर असतो तेव्हा), दक्षिणेकडच्या वरच्या खिडक्यांतून येणारा उजेड बॅसिलिकाच्या फरशीवर बरोबर मधोमध, एका ओळीत ठिपक्यांसारखा पडतो. दारापासून थेट वेदीकडे. १९७६ मध्ये तिथल्या एका फ्रान्सिस्कन साधूने हे लक्षात आणून दिलं. त्याआधी आठशे वर्षं लोक त्यावरून चालत होते.

हिशेब सोपा आहे. वेझलेचा अक्षांश सुमारे ४७.५. जूनच्या संक्रमणाला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ९० वजा ४७.५ अधिक २३.४, म्हणजे जवळपास ६६ अंशांवर. समजा खिडकी जमिनीपासून १२ मीटरवर आहे. तर उजेड भिंतीपासून साधारण ५.३ मीटर आत पडणार. डिसेंबरात तोच सूर्य फक्त १९ अंशांवर असतो, म्हणून तेव्हा किरण फरशीला शिवतच नाहीत, समोरच्या उत्तरेच्या भिंतीवरच्या स्तंभशीर्षांवर जातात. मुद्दाम साधलंय की जमून आलं, यावर वाद आहेत. माझं मत: भिंतीची उंची आणि मंडपाची रुंदी ठरवणारा माणूस सूर्य बघत नव्हता, असं मानणं जास्त कठीण आहे.

पुण्यात हे जमणार नाही, कारण जूनच्या संक्रमणाला आपला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव हे वेगळं गणित. तिथे मावळता सूर्य लागतो.

घड्याळ लावून जाणाऱ्यांसाठी: तिथली उन्हाळी वेळ आणि रेखांश धरून खरी माध्यान्ह दुपारी १ वाजून ४७ मिनिटांच्या आसपास येते. बाराला जाऊन उभे राहाल तर निराश व्हाल.

---

सह्यभटकी

अहो, मी पोचले ११ जूनला, तेही दुपारी चारला! उजेडाच्या वाटेबद्दल धर्मशाळेतल्या बेल्जियन बाईंनी रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची टॅक्सी ठरलेली. आता तुमचं गणित वाचून पुन्हा जळफळाट.

---

दगडधोंडा

एक शंका. एवढं जुनं बांधकाम इतकं ठाकठीक कसं? आपल्याकडे तर जुन्या देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे दगडावर ऑइलपेंट नाहीतर थेट ग्रॅनाइटच्या फरश्या.

---

शिलालेख

ठाकठीक नव्हतंच. १५६९ मध्ये धर्मकलहात ह्युगनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) सैन्याने लुटलं. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या इमारती विकल्या, पाडल्या. बाहेरच्या दारावरचं शिल्प तासून टाकलं. आतलं वाचलं ते त्या अंधाऱ्या सभामंडपामुळे. १८३४ मध्ये जुन्या वास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आला. आत बसून चित्र काढत होतो तर भोवती बारीक दगड निखळून पडताना ऐकू येत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. १८४० मध्ये काम दिलं गेलं व्हियोले-ल-द्युक नावाच्या तरुणाला. वय २६, हातून एकही मोठं काम झालेलं नाही. मोठमोठ्या लोकांनी हात वर केल्यावर हे पोराच्या गळ्यात पडलं, असं म्हणतात. त्याने जवळपास वीस वर्षं घालवून ते उभं ठेवलं.

पण तुमच्या ऑइलपेंटच्या मुद्द्यावर: त्यालाही हौस होतीच. खराब झालेली स्तंभशीर्षं त्याने नव्याने घडवून बसवली, मूळची आज शेजारच्या संग्रहालयात आहेत. वेदीजवळच्या काही खणांचं छत नंतरच्या काळातलं होतं, ते काढून त्याने ‘मूळ शैलीत’ नवं केलं. बाहेरच्या मुख्य दारावरचं आजचं शिल्पही एकोणिसाव्या शतकातलंच. फरक एवढाच की काय बदललं याची त्याने कागदपत्रं ठेवली. आपल्याकडे ग्रॅनाइट बसवणारा तेवढं करत नाही.

---

मृद्गंध

स्तंभशीर्षांचा विषय निघालाच आहे तर माझी दोन आवडती. मी २०१९ मध्ये गेले होते, त्यांच्याखाली मान दुखेपर्यंत उभी होते.

एकात जातं आहे. वरून एक जण धान्य ओततोय, खाली दुसरा पिशवी धरून पीठ घेतोय. ओतणारा मोझेस, घेणारा संत पॉल. बायबलच्या जुन्या कराराचं धान्य, नव्याचं पीठ. दळणाऱ्या बायका मात्र कुठेच नाहीत, दोघेही पुरुष! आमच्या आजीने बघितलं असतं तर म्हणाली असती, ओवी कोण म्हणणार यांची.

दुसरं संत युजेनियाचं. बाई पुरुषवेषात मठात राहिली, पुढे मठप्रमुख झाली. एका बाईने तिच्यावर बळजबरीचा आळ घेतला. न्यायाधीशासमोर तिने झगा उघडून दाखवला की मी बाई आहे. न्यायाधीश निघाला तिचा जन्मदाता बाप. हा प्रसंग बाराव्या शतकात चर्चमध्ये कोरलाय, उघड्या झग्यासकट.

---

वर्धेकर

इतके प्रतिसाद झाले आणि रोमँ रोलाँचं नाव कोणी काढलं नाही, आश्चर्य आहे. नोबेल मिळालेला हा लेखक १९३८ मध्ये वेझलेला राहायला आला. त्याचा जन्म तिथून जवळच्याच क्लामसीचा. युद्धाची सगळी वर्षं त्याने याच गावात काढली, आणि ३० डिसेंबर १९४४ रोजी तिथेच गेला. त्याचं घर मुख्य रस्त्यावर आहे. त्यात आता झेर्व्होस संग्रहालय आहे, पिकासो, मिरो, कँडिन्स्की वगैरे. बरेच लोक चित्रं बघून बाहेर पडतात, घर कोणाचं होतं ते पाटी वाचली तरच कळतं.

गांधीजींचं, रामकृष्णांचं, विवेकानंदांचं चरित्र लिहून या माणसाने युरोपला भारत सांगितला. हाडामांसाचा, लांब कान नसलेला! भारतात मात्र तो कधीच आला नाही. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीच त्याच्याकडे स्वित्झर्लंडला गेले.

आता आमच्या वर्ध्याची गोष्ट. एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी बेथोव्हेनच्या वेडापायी रोलाँला भेटायला गेली. त्याने तिला गांधीजींबद्दल सांगितलं. पुस्तक वाचून ती १९२५ मध्ये साबरमतीला येऊन दाखल झाली. बापूंनी तिचं नाव ठेवलं मीराबेन. वर्ध्याजवळच्या सेगावात बापूंच्या आधी राहायला गेली ती हीच, आणि आज सेवाग्रामला लोक जी बापूकुटी बघतात ती मुळात तिची झोपडी. मातीच्या भिंतींवर तिने काढलेली उठावदार ताडाची झाडं अजून आहेत.

तिचं मूळ नाव मॅडलिन. म्हणजे माग्दालेनच. ज्या संतिणीच्या हाडांवर वेझले उभं राहिलं, तिचंच.

---

सह्यभटकी

@वर्धेकर काका, अंगावर काटा आला. मी त्या घरासमोर उभी राहून पाव खाल्लाय आणि तिकीट महाग वाटलं म्हणून आत गेले नाही.

---

वाचनमात्र

दुसरा प्रतिसाद देतोय, म्हणजे नाव बदलावं लागेल. वर धर्मयुद्धावरून मी जरा कडक बोललो. त्याचीच दुसरी बाजू परवा वाचनात आली ती इथे ठेवतो. १९४६ मध्ये, बर्नार्डच्या भाषणाला आठशे वर्षं झाली तेव्हा, इथे शांततेची यात्रा भरवली गेली. ठिकठिकाणाहून माणसं जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चालत आली. चौदा क्रूस. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. त्यांनी आम्हालाही येऊ द्या म्हणून विचारलं, आणि बाँबने पडलेल्या घराच्या तुळयांचा पंधरावा क्रूस करून आणला. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि या गावांतून जर्मन गणवेश गेल्याला दोन. ते क्रूस आजही आत भिंतींना टेकून उभे आहेत म्हणे. कोणी पाहिलेत का?

---

मृद्गंध

पाहिलेत. मला वाटलं होतं दुरुस्तीचं सामान आहे. 😞

---

लिऑनकर

हो, तसेच दिसतात. जर्मनांचा इतरांपेक्षा ओबडधोबड आहे.

मंडळी, २१ जून यंदा शनिवारी आहे. गाडी घेऊन जातोय, दोन जागा रिकाम्या आहेत. कोणी मराठी माणूस लिऑन-दिजों पट्ट्यात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. @त्रिकोणमिती, तुमचं १ वाजून ४७ मिनिटं तपासून कळवतो.

---

त्रिकोणमिती

वाट बघतोय. एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तर ते माझं, त्याहून जास्त झालं तर बाराव्या शतकातल्या गवंड्याचं.

---

लिऑनकर

आलो जाऊन. वृत्तांत थोडक्यात.

आम्ही तिघे होतो. गाडी आस्कँला ठेवून वर चालत गेलो, सह्यभटकींच्या घरच्या नियमाला मान देऊन. एकाच्या चपलेचा अंगठा कॉर्देलच्या जरा आधी तुटला. उरलेला चढ त्याने अनवाणी केला, त्यामुळे आमच्यातला खरा यात्रेकरू तोच ठरला.

एक वाजता आत शिरलो तर दीडदोनशे माणसं आधीच जमलेली. दीड वाजता ढग. एक चाळीस, ढग. लोक वर खिडक्यांकडे आणि खाली फोनकडे बघतायत. एक पंचेचाळीसला कोणीतरी दिवा लावावा तसा उजेड पडला, आणि फरशीवर मधोमध पांढरे ठिपके ओळीने उमटले. इतक्यात सगळी गर्दी फोटो काढायला त्यांच्यावरच जाऊन उभी राहिली. त्यामुळे फरशीवर फक्त एकच ठिपका दिसत होता. बाकीचे लोकांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, आणि एका बापाच्या कडेवर झोपलेल्या पोरीच्या कानावर.

@त्रिकोणमिती, एक अठ्ठेचाळीसला ओळ मला अगदी मधोमध वाटली, पण त्याच मिनिटाला पुन्हा ढग आला. पुढच्या वर्षी परत मोजू.